नायट्याची ट्यूब मागणाऱ्या गिऱ्हाइकाला आधी काय विचारायचं

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. डी.फार्म. (फार्मसीची पदविका) नुकतंच झालंय, वडोदऱ्यातच एका मेडिकल स्टोअरवर लागला आहात. पाऊस सुरू झाल्यापासून दिवसभरात कितीतरी जण "धाधरनी ट्यूब आपो" (नायट्याची ट्यूब द्या) म्हणत येतात. मालक सांगतात, तीन-चार औषधं एकत्र असलेली ट्यूब दे, दोन दिवसांत आराम पडतो, गिऱ्हाईक खूश. तुमच्या मनाला ते पटत नाही, पण त्याऐवजी द्यायचं काय, विचारायचं काय आणि डॉक्टरकडे कधी पाठवायचं, हे ठरत नाही.

मी रावपुऱ्यात बरीच वर्षं फार्मसिस्ट म्हणून काउंटर सांभाळते आहे, त्या अनुभवावरून सांगते. दुकान कुठल्या भागात आहे, गिऱ्हाईक चट्टा दाखवायला तयार आहे का, त्याला किती खर्च झेपेल, जवळपास स्किनचे डॉक्टर आहेत का, यावर बरंच अवलंबून असतं. मकरपुरा जीआयडीसीतून (औद्योगिक वसाहतीतून) शिफ्ट संपवून आलेल्या कामगाराशी आणि युनिव्हर्सिटीच्या होस्टेलवरून आलेल्या मुलीशी सारखंच बोलून चालत नाही. पण विचार करायची रीत दोघांसाठी एकच आहे.

गिऱ्हाईक येतं ते खाज थांबवायला. आजार आहे बुरशीचा. खाज दोन दिवसांत थांबवता येते, बुरशी जायला चार ते सहा आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. मालक सांगतात ती ट्यूब पहिलं काम झटपट करते आणि दुसरं बिघडवते. म्हणून ट्यूबच्या नावापेक्षा मुदतीचा विचार आधी करा. गिऱ्हाइकाला पूर्ण मुदत औषध लावायला कसं तयार करायचं, हा तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे.

त्या मिश्र ट्यूबमध्ये बुरशीचं औषध असतं, जंतूंचं एखाददुसरं असतं आणि सोबत स्टिरॉइड असतं, बहुतेक वेळा क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन. बुरशी शिरली की कातडी लाल होते, खाजते. ती शरीराची लढाई असते. स्टिरॉइड ती लढाईच दाबून टाकतं. लाली जाते, खाज जाते, गिऱ्हाईक म्हणतं बरं झालं आणि ट्यूब फेकून देतं. आत बुरशी आरामात पसरत राहते. दहा-पंधरा दिवसांनी चट्टा परत येतो, मोठा होऊन येतो, कधी एका कड्याच्या आत दुसरं कडं दिसतं. मग पुन्हा तीच ट्यूब. असं काही महिने चाललं की जांघेत कातडी पातळ होऊन पोटावरच्या बाळंतपणाच्या वळांसारखे वळ उमटतात आणि ते पुसले जात नाहीत. लग्न ठरलेला मुलगा हे वळ घेऊन काउंटरशी हळू आवाजात विचारतो, "याच्यावर काही क्रीम आहे का?", तेव्हा देण्यासारखं काहीही नसतं.

स्टिरॉइड मलम वाईट असतं असं मात्र मी म्हणणार नाही. सोरायसिसला, एक्झिमाला डॉक्टर तेच लिहून देतात आणि ते उपयोगी पडतं. पण क्लोबेटासोल हे त्या वर्गातलं सगळ्यात जोरकस औषध. सलग दोन आठवड्यांच्या वर लावू नये, चेहरा, काख आणि जांघ इथे लावू नये, असं ते औषध शिकवतानाच सांगितलं जातं. आणि आपल्याकडे ते सर्वात जास्त लावलं जातं नेमकं जांघेत आणि चेहऱ्यावर.

कायद्याचंही सांगून ठेवते, कारण मालकांशी बोलताना तो तुमच्या कामी येईल. पूर्वी वरून लावायची मलमं शेड्यूल एचच्या, म्हणजे प्रिस्क्रिप्शनशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीच्या, बाहेर राहायची, त्यामुळे स्टिरॉइडच्या ट्यूबा साबणासारख्या विकल्या गेल्या. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइडांच्या मलमांची ती सूट काढून घेतली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, त्यात त्वचेवर लावायची कितीतरी मिश्रणं होती. म्हणजे प्रिस्क्रिप्शन नसताना स्टिरॉइड असलेली ट्यूब काउंटरवरून देणं हे नुसतं चुकीचं नाही, बेकायदा आहे. काउंटरवर नोंदणीकृत फार्मसिस्ट म्हणून आपण उभे असतो, तपासणीत उत्तर आपल्यालाच द्यावं लागतं.

आता गिऱ्हाईक समोर आलं की काय करायचं. माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे: "आधी काय लावलंत?" किती दिवसांपासून आहे, कुठे आहे, हे नंतर. कारण आधी स्टिरॉइड लावलेलं असेल तर चट्ट्याचं रूप बदललेलं असतं, कड दिसत नाही, आणि तुम्ही जे पाहाल त्यावर भरवसा ठेवता येत नाही. बहुतेकांना नाव आठवत नाही. "पिवळी ट्यूब", "शेजारच्या बेननी दिली", "भाई, पेली लाल पट्टीवाळी" (ती लाल पट्टीची). मग मी सांगते, घरून फोटो मागवा. फोनवर मिनिटाभरात ट्यूबचा फोटो येतो. ब्रँडचं मोठं नाव सोडून खालची बारीक अक्षरं वाचायची. बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, हॅलोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यातलं काही दिसलं की स्टिरॉइड आहे. क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल, लुलिकोनाझोल, टर्बिनाफिन ही बुरशीची औषधं. गिऱ्हाइकालाही मी ते नाव बोट ठेवून दाखवते. एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानातही ते लोक ट्यूब उलटून वाचतात.

स्टिरॉइड महिनोन् महिने लावलं असेल तर मी बुरशीचं औषध देऊन मोकळी होत नाही. बंद केल्यावर पहिल्या आठवड्यात खाज आणि लाली उसळते, माणूस घाबरून परत त्याच ट्यूबकडे वळतो. अशांना डॉक्टरकडेच पाठवायचं, आणि पाठवताना ही उसळी येणार हे आधी सांगायचं.

दुसरं काम म्हणजे पाहणं. हातावर, मानेवर, कमरेवर असेल तर पाहता येतं. जांघेत त्रास असलेलं पुरुष गिऱ्हाईक मला सांगतही नाही, तेव्हा दुकानातल्या भाईला पुढे करते. उलट छातीखाली किंवा जांघेत त्रास असलेल्या बायका मालक पुरुष असेल तर "असंच जरा खाजतं" एवढंच बोलतात. तुमच्या दुकानात कोण कोणाशी बोलेल हे आधी ठरवून ठेवा, निम्मी अडचण तिथेच सुटते. फोनवरचा फोटोही चालतो, पण उजेडात काढलेला हवा.

नायट्याची खूण कडेत असते. बाहेरची कड जरा उंच, खवल्यांची, लालसर, मधला भाग त्यामानाने साफ, आणि कडं हळूहळू बाहेर सरकत जातं. मधोमध सारखंच जाड, ओलसर, नाण्याएवढं गोल असेल तर एक्झिमा असू शकतो. कोपर-गुडघ्यावर चांदीसारखे जाड पापुद्रे असतील तर सोरायसिसचा विचार करायचा. रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत पुरळ आहे, घरात सगळ्यांनाच आहे, तर खरूज. आणि एक प्रश्न कधीही गाळू नका: चट्ट्यावर स्पर्श कळतो का? चट्टा फिकट किंवा तांबूस असेल, खाजत नसेल आणि तिथे बधिर वाटत असेल तर कुष्ठरोगाची तपासणी झालीच पाहिजे. सरकारी दवाखान्यात त्याचं औषध फुकट मिळतं आणि वेळेवर घेतलं तर आजार पूर्ण बरा होतो. अशा चट्ट्यावर नायट्याची ट्यूब देऊन सहा महिने घालवणं हे त्या माणसाच्या हातापायांशी खेळणं आहे.

औषध कोणतं? नवा, लहान, एक-दोन जागी असलेला नायटा असेल, माणूस एरवी धडधाकट असेल, तर क्लोट्रिमाझोल १ टक्का दिवसातून दोनदा, किंवा लुलिकोनाझोल १ टक्का दिवसातून एकदा. लुलिकोनाझोल महाग पडतं, पण एकदाच लावायचं असल्याने शिफ्टवाल्यांना सोयीचं जातं. पैशांची ओढाताण असेल तर जनऔषधी केंद्रातलं क्लोट्रिमाझोल बिनधास्त सांगा, औषध तेच आहे. टर्बिनाफिनबद्दल मी आता पूर्वीइतकी खात्रीने बोलत नाही. आपल्या देशात नायट्याची जी बुरशी सध्या फैलावली आहे, तिला २०२० मध्ये जपानी संशोधकांनी स्वतंत्र प्रजाती म्हणून नाव दिलं, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. तिच्यातल्या बऱ्याच जाती टर्बिनाफिनला दाद देत नाहीत, कारण ते औषध ज्या एन्झाइमला अडवतं त्याच्या जनुकातच बदल झालेला असतो. म्हणून टर्बिनाफिन नियमित लावूनही तीन आठवड्यांत काही फरक नसेल तर गिऱ्हाइकाला "नीट लावलं नसेल" म्हणून दोष देऊ नका, डॉक्टरकडे पाठवा.

आता प्रमाण. आपल्या हातात सगळ्यात जास्त असलेली आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट ही आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून मलमाची रेघ काढली की साधारण अर्धा ग्रॅम भरतो. तेवढं मलम मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. दोन्ही जांघांमध्ये नायटा आहे, कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावायचं आहे, म्हणजे जागा दोन तळहात धरा. एका वेळी अर्धा ग्रॅम, दोनदा लावलं तर दिवसाला एक ग्रॅम. १० ग्रॅमची ट्यूब दहा दिवसांत संपते. आणि औषध चट्टा दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे लावायचं असतं. म्हणजे एकूण महिना-दीड महिना, तीस ते पंचेचाळीस ग्रॅम. गिऱ्हाईक एक छोटी ट्यूब नेतं, ती महिनाभर पुरवतं, आणि "तुमच्या औषधाने काही झालं नाही" म्हणत परत येतं. औषधाचा दोष नसतो, ते पोचलेलंच नसतं.

हे मी काउंटरवर माझ्याच बोटावर दाखवते. पेराची रेघ दाखवते, मग तळहात पुढे करून म्हणते, "इतक्या जागेला इतकं." बोटावरचं माप लोकांच्या लक्षात राहतं, ग्रॅम राहत नाही. बाहेरून आत असं लावायचं, आधी निरोगी कातडीपासून सुरुवात, मग कड, मग मध्य. आंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं करून. आणि खोक्यावर पेनने सुरू केल्याची तारीख आणि कमीत कमी कधीपर्यंत लावायचं ती तारीख लिहून देते. तीन ट्यूबा एकदम घ्यायला कोणी तयार नसतं, मीही आग्रह धरत नाही. एक घेऊन जा, आठवड्याने दुसरी न्या, पण मधे खंड पडू देऊ नका, एवढं सांगते. दुकानदारीच्या बाजूनेही हिशोब केलात तर तीन साध्या ट्यूबा एका मिश्र ट्यूबपेक्षा कमी धंदा देत नाहीत. मालकांना हे कागदावर मांडून दाखवा.

बुरशीच्या साबणाचं लोक फार विचारतात. अंगावर साबण मिनिटभरही राहत नाही. त्या पैशात दुसरी ट्यूब येते, ती घ्यायला सांगा. पावडर घामासाठी ठीक आहे, बाहेर जाताना लावावी, पण पावडरीने नायटा जात नाही. लिंबू, लसूण, जुन्या पद्धतीचं सोलवटणारं नायट्याचं औषध, हे जांघेत लावून भाजल्यासारखी कातडी घेऊन आलेली माणसं तुम्हाला भेटतीलच. त्यांना आधी सगळं बंद करून ते बरं होऊ द्यायला सांगायचं.

कपड्यांचं बोलल्याशिवाय ट्यूब देऊ नका. आपल्याकडे जून ते सप्टेंबर जीन्स धड वाळत नाही, दमटच अंगावर चढते. घरात एक टॉवेल तिघं वापरतात. नायटा झालेल्याचा टॉवेल, चड्डी, चादर वेगळी, गरम पाण्यात धुतलेली, उलटी करून उन्हात वाळवलेली, ऊन नसेल तर इस्त्री फिरवलेली. घरात आणखी कोणाला खाज आहे का हे विचाराच. नवऱ्याने औषध लावलं आणि बायकोने लावलं नाही, तर दोघांचाही नायटा दिवाळीपर्यंत चालतो.

आणि नवरात्र. वडोदऱ्यात काउंटरवर उभं राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको, पण तुम्ही नवे आहात. गरबा संपून आठ-दहा दिवस झाले की मुली यायला लागतात. कमरेभोवती, नेमकं चणियाची (घागऱ्याची) नाडी बसते तिथे, पट्ट्यासारखा नायटा. जड चणियाचोळी, मध्यरात्रीपर्यंतचा घाम, भाड्याने आणलेले किंवा मैत्रिणीशी अदलाबदल केलेले कपडे, आणि दमून तशाच झोपी जाणं. गरबा बंद कर असं कोणी ऐकणार नाही, सांगायचंही नाही. आतून सुती पेटीकोट किंवा स्लॅक्स स्वतःची घालावी, परत आल्यावर आंघोळ करून अंग कोरडं करावं, आधीच नायटा असेल तर नवरात्रात औषधाचा खंड पाडू नये, एवढं त्या ऐकतात.

बाकीचे प्रकार थोडक्यात. पायाच्या बोटांच्या बेचक्यात पांढरी भिजलेली कातडी म्हणजे चिखल्या. विश्वामित्री नदीचं पाणी घरात शिरतं त्या दिवसांत आणि सेफ्टी बूट घालणाऱ्यांना वर्षभर. क्लोट्रिमाझोल चालतं, पण बेचकं कोरडं राहिलं तरच. छातीवर-पाठीवर फिकट, बारीक कोंडा सुटणारे ठिपके म्हणजे शिबं. त्याला केटोकोनाझोल २ टक्के शाम्पू अंगाला लावून पाच मिनिटांनी धुवायला सांगतात. पण रंग परत यायला काही महिने लागतात हे सांगितलं नाही, तर लोक औषध फेल गेलं समजतात. छातीखाली, पोटाच्या वळीत लालभडक, ओलसर आणि आजूबाजूला सुटे फोड असतील तर कँडिडा, म्हणजे वेगळ्या प्रकारची बुरशी, असू शकते. असं परत परत होत असेल तर साखर तपासली आहे का, विचारा. नख जाड, पिवळं, भुगा होणारं असेल तर ट्यूबने काही होत नाही, तिथे काही महिने गोळ्या लागतात.

आता सरळ डॉक्टरकडे कोणाला पाठवायचं? लहान मुलाच्या डोक्यात चट्टा पडून केस तुटत असतील, कारण केसांच्या मुळातल्या बुरशीपर्यंत मलम पोचत नाही. गरोदर बाई. मधुमेही, विशेषतः पायाला सूज, लाली किंवा ताप असेल तर त्याच दिवशी. चेहऱ्यावरचा चट्टा. अंगभर पसरलेला किंवा महिनोन् महिने चाललेला नायटा. स्टिरॉइड लावून रूप बदललेला नायटा. आणि तीन-चार आठवडे नीट औषध लावूनही न हटलेला. बाहेर फी परवडत नसेल तर सयाजी हॉस्पिटलच्या त्वचारोग ओपीडीत जायला सांगा. तिथे कड खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी आहे की नाही ते पाहता येतं. जाताना आधी लावलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून न्यायला आवर्जून सांगा.

गोळ्या मागणारेही येतील. "पेली कॅप्सूल आपो, मारा भाईने सारू थई गयुं." (ती कॅप्सूल द्या, माझ्या भावाला बरं वाटलं.) इट्राकोनाझोल प्रिस्क्रिप्शनशिवाय देऊ नका, एक पत्तासुद्धा नाही. हृदय कमजोर असलेल्यांना ती चालत नाही, आणि कोलेस्टेरॉलच्या काही स्टॅटिन गोळ्यांबरोबर, विशेषतः सिम्वास्टॅटिनबरोबर, स्नायूंना इजा होऊ शकते. प्रिस्क्रिप्शन असेल तेव्हा मात्र आपलं काम सुरू होतं. कॅप्सूल जेवणानंतर लगेच घ्यायची. ॲसिडिटीची गोळी चालू आहे का विचारायचं, कारण पोटात आम्ल कमी असेल तर ती नीट शोषली जात नाही. पँटोप्राझोल रोज घेणारी माणसं आपल्या गावात किती आहेत ते तुम्ही पाहताच आहात. अशा वेळी डॉक्टरांना फोन करून विचारायचं, आपल्या मनाने बदलायचं नाही.

मालकांचं राहिलं. त्यांच्याशी गिऱ्हाइकासमोर वाद घालू नका. दुपारी दुकान शांत असताना शेड्यूल एचचा मुद्दा आणि तीन ट्यूबांचा हिशोब, दोन्ही त्यांच्यापुढे ठेवा. पहिले काही दिवस काही जण "बाजूच्या दुकानात मिळते" म्हणून निघून जातील, तसे माझ्याकडूनही गेले. त्यातले बरेच महिन्या-दोन महिन्यांनी मोठा चट्टा घेऊन परत आले. तेव्हा आधी कुठे गेला होता हे न विचारता, ट्यूबचा फोटो मागायचा आणि पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करायची.